धुरपतमावशीचे बारा कोट

माझं अक्षर चांगलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही हदगावकडच्या आमच्या गावात, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मी शाळा बुडायचीच. म्हणून ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, एखादा काना राहिला असेल, तर वाचणाऱ्यानं समजून घ्यावं. वाचणारं तसं कोणी नाही. लेकीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते आहे. ती कॉलेजला गेली की लिहिते आणि वही धान्याच्या कोठीमागे ठेवते.

धुरपतमावशीला जाऊन आता वर्ष होत आलं. गावात अजून बोलतात, की मुंबईच्या बाईनं म्हातारीला फसवलं. कोणी म्हणतं, म्हातारीनंच मुंबईच्या बाईला बुडवलं. दोन्ही खरं नाही. मी तिथं बसलेली होते. तोंडानं सांगायला गेले तर मला जमत नाही, मधेच कोणी हसलं की मी थांबते. लिहिताना कोणी हसत नाही.

ती माझी सख्खी मावशी नव्हती. मी लग्न होऊन लातूरजवळच्या मुरुडला आले तेव्हा गल्लीत आमच्यापासून तिसरं घर तिचं. माझी बोली वेगळी. मी ‘करून राहिले’, ‘येऊन राहिली’ म्हटलं की इथल्या बाया पदर तोंडाला लावायच्या. त्या ‘करूलाले’, ‘येऊलाले’ म्हणणाऱ्या, त्यांना माझं ऐकून गंमत वाटायची. पाण्याला निघाले की मागून आवाज यायचा, “कुठं जाऊन राहिलीस गं?” मग मी बोलणंच कमी केलं. मावशीनं माझं नाव मुकी ठेवलं. पण तिच्या मुके म्हणण्यात टोचणं नव्हतं.

“ए मुके, इकडं ये. सुईत दोरा ओव. तोंड चालत न्हाई तर न्हाई, डोळे तर चांगले हाईत तुझे.”

असं करून करून मी तिच्याकडे गोधडी शिवायला बसू लागले.

मावशी उंच, हडकुळी. चोळीच्या खांद्यावर दोन सुया कायम टोचलेल्या, एकीत पांढरा दोरा, एकीत काळा. लग्नाला गेली तरी सुया खांद्यावर. नातवंडाला जवळ घ्यायचं झालं की आधी सुया काढून भिंतीवरच्या कॅलेंडरला टोचायची, मग हात पसरायची. टेप तिच्याकडे होता, पण तो खुंटीला लटकलेला असायचा. ती वितीनं मोजायची आणि उरलेलं बोटांनी.

कोणी जुनी लुगडी घेऊन गोधडी शिवायला टाकायला आलं की ती पहिल्यांदा लांबी-रुंदी विचारायची नाही. विचारायची, “निजनार कोन?”

बाळंतपणाला आलेली लेक असेल तर टाके बारीक आणि दाट, म्हणजे बाळाखाली सुरकुती पडत नाही. म्हातारा माणूस असेल तर टाके लांब. दाट टाक्यानं गोधडी ताठ होते, म्हाताऱ्या हाडांना ती टोचते. नवरानवरीची असेल तर ती काही न बोलता कडा दुहेरी घ्यायची आणि म्हणायची, “वढावढी व्हनारच.” बाया हसायच्या. ती हसायची नाही.

एकदा एका गृहस्थानं पाहुण्यांसाठी म्हणून गोधडी सांगितली. मावशी म्हणाली, “पावना म्हंजी कोन? जाडा का बारीक? नाव न्हाई, अंग न्हाई, मी शिवू कुनासाठी?” त्यानं शेवटी मेव्हण्याचं नाव सांगितलं तेव्हा कुठं तिनं कापड घेतलं.

इरा मॅडम आमच्याकडे आल्या त्या या गोधड्यांमुळेच. लातूरला कोणाच्या लग्नाला आल्या होत्या, रस्त्यानं जाताना मावशीच्या भिंतीवर वाळत टाकलेली गोधडी दिसली आणि त्यांनी गाडी थांबवली. मुंबईला त्या फार महागाचे कपडे करतात. दुकानात टांगून विकायचे नव्हे, एकेका माणसासाठी एकेक. आमच्या भागातली इरकली लुगडी, उंबऱ्यावरची रांगोळी, जुन्या देवळाच्या खांबांवर कोरलेली फुलं, असं सगळं पाहून त्यांनी वहीत चित्रं काढली होती. त्यावरून गोधडीचे बारा लांब कोट करायचे होते. एकासारखा दुसरा नाही. त्याला त्या कलेक्शन म्हणायच्या. पावसाळा संपला की मुंबईत मोठ्या लोकांपुढे पोरी ते घालून चालणार होत्या.

एका कोटाची किंमत ऐकून सुनीता म्हणाली, “एवढ्यात आमचं न्हानीघर व्हतंय, फरशीसकट.” सुनीता बुद्धवाड्यातली, तिचा टाका मावशीच्या खालोखाल. जीभ मात्र मावशीच्या वर.

मॅडमनी कागद केला. कोटामागं चार हजार आगाऊ, बाकीचे काम झाल्यावर. मावशी प्रौढ वर्गात सही शिकली होती. तिनं वेळ घेऊन सही केली. मॅडम म्हणाल्या, “मावशी, तुम्ही घरी जसं करता अगदी तसंच करा. काहीही बदलू नका. मला तेच हवंय.”

“तसंच?”

“अगदी तसंच.”

मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, “ऐकलंस न्हवं मुके?” मी मान हलवली.

मॅडमनी मुंबईहून जुन्या लुगड्यांचे दोन गठ्ठे पाठवले. मावशीनं गठ्ठा सोडला आणि हात मागे घेतला. “ही कुनाची?” गठ्ठा आणणाऱ्या ड्रायव्हरला काय माहीत? तो म्हणाला, बाजारातून किलोवर घेतली. मावशीनं गठ्ठा पुन्हा बांधला. ज्या बाईचं लुगडं तिचं नाव माहीत नसताना तिनं कधी सुई लावली नव्हती. दोन दिवस गठ्ठे तसेच पडून राहिले. सुनीता म्हणाली, “मावशी, आता जाहिरात द्यावी का, लुगडं कुनाचं म्हनून?”

तिसऱ्या दिवशी मावशीनं सगळी लुगडी रिठ्याच्या पाण्यात दोनदा धुतली, वाळवली, आणि एकेक हातात घेऊन नावं ठेवायला बसली. “हे जांभळं, घडी मोडलेली न्हाई. ही मास्तरीन असनार. हिचं नाव शारदा. हे हिरवं गुडघ्यावर झिजलंय, ही फरशी पुसनारी. हिचं नाव ठेवा लक्ष्मी. आन् हे बग, ह्याला तीनदा रफू. ही चिक्कू.” अशी चाळीस लुगड्यांची चाळीस नावं झाली. मग काम सुरू झालं. “शारदाचा काठ इकडं सरकव,” असं तिनं म्हटलं की आम्हाला बरोबर कळायचं. एका दुपारी सुनीतानं लक्ष्मीवर चहा सांडला आणि आम्ही सगळ्याजणी लक्ष्मीला सॉरी म्हणालो.

मावशी धरून आम्ही आठ बाया दोन महिने तिच्या अंगणात बसत होतो. कापड सतरंजीवर पसरायचं, कडेनं सगळ्यांनी बसायचं आणि टाके घालत घालत मध्याकडे सरकायचं. मधला वीतभर भाग शेवटी उरतो, त्याला आम्ही गोधडीचं पोट म्हणतो. ते शिवून बंद करायच्या आधी मावशी उठायची, घरातून भाकरीचा नखाएवढा तुकडा आणि गुळाचा खडा आणायची, दोन थरांच्या मध्ये ठेवायची आणि वरून टाका घालायची. ही गोधडी ज्याच्या अंगावर जाईल त्याचं पोट कधी रिकामं राहू नये म्हणून. तिच्या आईनं तिला हेच शिकवलं होतं. दर वेळी भाकरी वेगळ्या घरची. एकदा सुनीताच्या घरची, एकदा माझ्या. तिला कोणाच्या घरची चालत नाही असं नव्हतं.

सुनीता छेडायची, “मावशी, गोधडी कधी जेवायला उठली का?”

“उठली न्हाई. पर उपाशी बी निजली न्हाई.”

बारातल्या नऊ कोटांत भाकरी-गूळ गेला. शेवटच्या तीन कोटांच्या दिवशी कोणाकडेच भाकरी उरली नव्हती, म्हणून मावशीनं जवारीचे चार चार दाणे घातले.

आता मला माझं सांगावं लागेल. मधे एकदा मॅडम बघायला आल्या होत्या. मावशी त्या दिवशी दवाखान्यात गेली होती. मी सगळ्यांत बारीक म्हणून मॅडमनी कोट माझ्या अंगावर चढवला. मी लाजेनं जमिनीकडे बघत उभी. त्या माझ्यामागे फिरून बघत होत्या आणि पाठीच्या मधोमध त्यांचा हात थांबला. “हे काय आहे? काहीतरी टोचतंय.”

मला माहीत होतं. एक वाक्य सांगायचं होतं. पण मॅडमची भाषा, माझी भाषा, बाजूला हसणाऱ्या बाया, सगळं एकदम मनात आलं. मी म्हटलं, “गाठ.” मॅडम म्हणाल्या, “अच्छा,” आणि पुढे सरकल्या.

कोट गेले. पावसाळा झाला. मग एके दिवशी मॅडमनी सुनीताच्या मोबाइलवर तीन कोटांचे फोटो पाठवले. लांब अंधाऱ्या खोलीत उजेडाची एक वाट आणि त्यावरून एक उंच पोरगी आमचा कोट घालून चाललेली. शारदाचा जांभळा काठ तिच्या खांद्यावर होता. आम्ही सगळ्या मोबाइलवर वाकलो. मावशीनं फोटो लांब धरला, जवळ धरला.

“पोरगी जेवती का न्हाई? आन् जरा हसायला काय झालं तिला? कुनी गेलंय का घरात?”

मग तिनं विचारलं, “बाकीचे कुठं हाईत? तीनच कामून?”

त्याचं उत्तर द्यायला आठ दिवसांनी मॅडम स्वतः आल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. कोट मुंबईला खोक्यांत घालून ठेवले होते. पावसाळ्याच्या दमट हवेत गुळाला पाणी सुटलं. नऊ कोटांच्या पाठीवर तपकिरी डाग पडले, आणि खोकी उघडली तेव्हा आत मुंग्यांची रांग. बारा पोरी चालणार होत्या, तीनच चालल्या. मॅडमच्या धंद्यात पैसा एका शेठचा होता. शेठनं नऊ कोटांची आगाऊ रक्कम परत मागितली होती. छत्तीस हजार.

“मावशी, तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“तुमी विचारलं न्हाई बाई. आन् तुमीच म्हनला, घरच्यावानी करा.”

 मग मावशीच पुढे म्हणाली, “घरची गोधडी रोज अंगावर आसती. उनात पडती. भाकरी वाळून पीठ व्हती, गूळ मुरतो. गोधडी कुनी खोक्यात कोंडतं व्हय? हे माझ्या ध्यानात यायला पायजे व्हतं. कोट म्हंजी कोंडनार, हे मला उमजलं न्हाई.”

“मी शेठना समजावते. तुम्ही दोन महिने काम केलंय, पैसे राहू द्या.”

“कागदावर सही कुनाची हाय?”

“तुमची, पण…”

“बारा द्यायचे व्हते, तीन दिले. चूक कुनाची ते सावकाश बगू. जे दिलंच न्हाई त्याचं ठेवून घ्यायचं व्हय?”

नांदेडहून तिच्या मुलाचा, बालाजीचा फोन आला. तो तिथं रिक्षा चालवतो. तो इतका मोठ्यानं बोलत होता, की बाजूला बसून मला सगळं ऐकू येत होतं. “आये, छत्तीस हजार म्हंजी त्यास्नी एका जेवनाचं बिल हाय. तू कामून देती? सगळं सोड आन् नांदेडला ये.”

“त्यांचं जेवन मी मोजत न्हाई रे. माझं मोजते. हे फिटल्याबगर मी येत न्हाई.”

मजुरी तर, तीन कोटांच्या बाकीसकट, आम्हाला आधीच वाटून झाली होती. कोणाची फी भरली गेली, कोणाचा पत्रा बदलला. मावशीनं कोणाकडे एक रुपया मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले आणि गाठ म्हटल्याचं सांगितलं. हे सांगायला मला अख्खी रात्र तयारी करावी लागली होती. ती दोरा दातानं तोडत होती. तोडून झाल्यावर म्हणाली, “तू सांगितलं असतंस तर त्यांनी काढा म्हनलं असतं. मी काढलं नसतं. मंग काम त्याच दिवशी मोडलं असतं. आठ बायांचे दोन महिने गेले असते. बस खाली, हे टोक धर.”

खरं होतं का हे? मला माहीत नाही. ते खोटं असलं तरी तिनं ते लगेच, विचार न करता सांगितलं, हे मात्र मी पाहिलं.

डागाळलेले कोट शेठला नको होते, मॅडमनी ते पार्सलनं परत पाठवले. मावशीनं ते उसवले, धुतले आणि बाळांची दुपटी केली. गावात ती हातोहात गेली. “आमचं लेकरू मुंबईच्या कोटावर निजतंय,” म्हणून लोक सांगायचे. दुपट्यांचं पोट शिवायच्या वेळी सुनीतानं विचारलं, “मावशी, आता आत काय घालायचं?”

“घालायचंच. ही हितंच निजनार हाईत.”

दुपटी संपल्यावर गोधड्या. दर महिन्याला ती बँकेत हजार रुपये मॅडमच्या खात्यात भरायची. कधी आठशे, कधी बाराशे. आम्ही बायांनी मिळून एकदा पाचपाचशे गोळा करून नेले, तर तिनं दारातच अडवलं. “भीक मागाया बसले का मी?” सुनीता रागावली. “मंग आमी काय भिकारी हाव, तुझ्या जिवावर फी भरनाऱ्या?” दोघी चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी दुपारी सुनीता सुई घेऊन आली आणि मावशीच्या अर्ध्या गोधडीला दुसऱ्या कडेनं टाका घालू लागली. मावशीनं वर पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सातही जणी जाऊन बसलो. “घरी काम न्हाई का तुमाला?” एवढंच ती म्हणायची, पण चहा आठ जणींचा टाकायची. तीन वर्षं असंच चाललं.

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. टाका चुकू लागला. तिला ते दिसायचं नाही, बोटाला कळायचं. ती गुपचूप उसवून पुन्हा घालायची. एक दिवस तिनं खांद्यावरच्या दोन्ही सुया काढून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, “दोन हजार राहिलेत. बालाजीकडं जाते. डोळे करून घेते, मंग बघते.” ‘फिटल्याबगर येत न्हाई’ म्हणाली होती, ते मोडावं लागलं याचं तिला वाईट वाटलं असणार. मग ती एसटीनं नांदेडला गेली. आम्ही सातजणींनी तिच्यामागे उरलेल्या तीन गोधड्या पुऱ्या केल्या आणि विकल्या. पैसे घेऊन मी जावं असं ठरलं, कारण मला तसंही हदगावला माहेरी जायचं होतं आणि वाटेत नांदेड लागतं.

बालाजीचं घर दोन खोल्यांचं. मावशी पलंगावर बसली होती, डोळ्यांवर काळा चष्मा. ऑपरेशनला आठ दिवस झाले होते. त्याच दिवशी इरा मॅडम येणार आहेत हे मला माहीत नव्हतं. बालाजीनं त्यांना ऑपरेशनचं कळवलं होतं. त्या आल्या, खाली बसल्या आणि मावशीचा हात धरला. आता त्यांचा तो शेठ नव्हता, त्या आपलं आपण लहानसं काम करत होत्या.

मी पैसे मावशीच्या हातात दिले. तिनं विचारलं, “कुठून?”

मी म्हटलं, “तुझ्याच गोधड्यांचे. तुझेच टाके व्हते अर्धे.”

ती थोडा वेळ नोटा चाचपत राहिली. मग मॅडमपुढे धरल्या.

“मावशी, राहू द्या ना आता. चष्म्याला, औषधाला लागतील.”

“मोजा.”

“मावशी…”

“मोठ्यानं मोजा. मला दिसत न्हाई.”

मॅडमनी नोटा हातात घेतल्या. शंभर शंभरच्या होत्या, बाजाराच्या, मऊ झालेल्या. त्या मोजू लागल्या. एक. दोन. तीन. बालाजी दारात उभा होता, तो खाली बघत होता. मावशी मान थोडी वाकडी करून ऐकत होती. बारावर मॅडम अडखळल्या तेव्हा मावशी म्हणाली, “तेरा,” आणि त्या पुढे मोजू लागल्या.

“वीस. दोन हजार.”

“आन् बँकेतले आधीचे?”

“चौतीस हजार. सगळे मिळालेत.”

“मंग किती झाले?”

“छत्तीस हजार, मावशी. काहीच राहिलं नाही.”

मावशीनं बालाजीला हाक मारून उशी मागितली, ती पाठीमागे घेतली आणि दोन्ही पाय पलंगावर लांब केले. तीन वर्षांत मी तिला दिवसाढवळ्या पाय लांब करून बसलेली पाहिली नव्हती. मी निघाले तेव्हा ती तशीच बसली होती.